छातीचं माप

पहिल्यांदा आलं तेव्हा मी काजं करत होते
शाळेच्या निळ्या शर्टाला.
दुपार. लाईट गेलेली.
कवेलूंच्या फटीतून उन्हाचे पैसे फरशीवर पडलेले.
एकाएकी हात माझे राहिले नाहीत.
छातीत कुणीतरी मशीन सुरू केली,
सुई नसलेली, कापड नसलेली,
नुसती पायडल मारत सुटलेली.
वाटलं, मेले.
आणि मनात काय आलं, तर
हा शर्ट आता कोण पुरा करेल.

दुधकोहळे काकू धावल्या,
"काहून वो, दातखीळ बसली काय?"
कांदा हुंगवला, तळव्यांना राख चोळली.
दीर म्हणाला, बाहेरचं आहे,
धुऱ्यावरच्या बेलाखालून गेली असेल तिन्हीसांजेची.
यवतमाळला नेलं. पट्टी काढली.
कागदावर माझं काळीज उमटलं
बारीक टिपेसारखं, एकही टाका न सुटलेलं.
हार्ट नॉर्मल. चारशे रुपये.
परतीच्या एसटीत, लोहारा सुटल्यावर, पुन्हा तेच.
नॉर्मल काळीज घेऊन
मी खिडकीची दांडी धरून मरत होते
आणि कंडक्टर सुटे मागत होता.

मग सहा महिने बाजार नाही, लग्न नाही, तेरवी नाही.
आता भीती त्याची नव्हती,
ते येईल याची होती.

ग्रामीण रुग्णालय, गुरुवार, अकरा नंबरची खोली.
तिच्यासमोरच्या बाकावर बसणं म्हणजे गावात दवंडी.
मी डोळ्यांच्या रांगेत बसले पदर ओढून,
नंबर आला तशी सटकन इकडे.
खोब्रागडे मॅडमनी त्याचं नाव सांगितलं.
नाव कळलं की चोरसुद्धा जरा लहान होतो.
एक गोळी रोज रात्रीची,
एक अर्धी, अगदीच गळ्याशी आलं तर.
"हिची सवय लागते बरं, जपून."
पंधरा दिवस तोंडाला कोरड, जिवाला मळमळ,
टीप वाकडी जायची, तीन ब्लाउज उसवले.
महिन्याभराने एका सकाळी चहा उकळत होता
आणि मी
फक्त चहाकडे बघत होते.

दिवाळीच्या घाईत, बरं वाटतंय म्हणून,
मीच बंद केली. कुणाला विचारलं नाही.
आठवड्यात डोक्यात तारा चटचटायला लागल्या
आणि ते परत आलं, सगळी भावकी घेऊन.
मॅडम रागावल्या नाहीत.
"उसवायचीच असेल तर माझ्यासोबत उसवा, हळूहळू.
कापड ओढून टाके काढता का तुम्ही?
तुम्हाला मी काय सांगू."

श्वासाचं मात्र मी माझ्या मापानं बेतलं :
घ्यायचा बाहीएवढा,
सोडायचा लुगड्याच्या काठाएवढा, नऊवारी,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
कधी जमतं. कधी काठ मधेच संपतो.
तेव्हा अनवाणी पाय पायडलच्या लोखंडावर दाबते
आणि मोठ्यानं म्हणते,
हे बॉबिन. ही कात्री. हा चैत.
ही मी, अजून इथंच.
अर्धी गोळी दोऱ्यांच्या डब्यात असते, पांढऱ्या रिळामागे.
कधी घेते. बरेचदा नुसती आहे का ते बघते.

काल पंचफुला आली, भावाच्या लग्नाचं ब्लाउज घेऊन.
टेप धरली : चौतीस.
वहीत लिहायच्या आधी पुन्हा बघितलं : छत्तीस.
मग पस्तीस. मग छत्तीस.
टेपखाली काहीतरी पायडल मारत होतं.
ती हसत होती, "गरम लय होऊन राह्यलं ना वो ताई."
पंखा तिच्याच तोंडावर होता.

मी टेप सोडली नाही.
"कवापासून?"

ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली,
जणू तिथं लिहिलेलं असावं.
मग हळूच म्हणाली, "संक्रांतीपासून."

वहीत छत्तीस लिहिलं,
आत दोन बोटं जादा कापड ठेवायचं, तेही लिहिलं.
खाली : गुरुवार, सकाळची गाडी.
डोळ्यांच्या रांगेत नको बसू, म्हटलं,
सरळ अकरासमोर बसू दोघी.
मलाही गोळ्या आणायच्याच आहेत.