तार

रविवारी सहाला जमतो आम्ही,
ऊन कौलांवर चढायच्या आत.
पाट्या, थापी, दोन बोथट छिन्न्या,
आणि पिंपात आठ दिवस निवलेला चुना,
त्यात गूळ आणि बेलफळाचा गर.
हे प्रमाण शिकवलं मल्लेशम यन्नमांनी.
त्यांचे हात जन्मभर मागावर, भिंतीवर कधीच नव्हते.
त्यांना ते सांगितलं मेव्हण्यानं,
मेव्हण्याला कुणी, ते विचारायचं राहिलं.

एकशे बारा खोल्या, आठ ओळी.
नकाशा पट्टीनं आखलेला,
रजिस्टरात नावं भरावीत तशी घरं भरलेली.
सगळी दारं एकाच बाजूला.
मी म्हणालो, वाऱ्याचा विचार केलेला दिसतो.
दुरपताबाई हसल्या, दात नसलेलं.
"वारा कसला बे. हजेरीचा.
नाक्यावरनं एका नजरेत समदी दारं दिसायची."

त्या दिवशी मी फार बोललो नाही.
चौकट खरवडत राहिलो. निळ्याखाली हिरवा,
हिरव्याखाली डांबर,
डांबराखाली साग, अजून वास धरून.

पाणी चार दिवसांनी येतं
आणि चुन्याची भिंत रोज मागते, तान्ह्या पोरासारखी.
तिसऱ्या ओळीतली शकुंतला कमरेला पदर खोचून आली.
"भिंतीला पाजताव, अन् आमाला?"
आमच्याकडे उत्तर नव्हतं. बादली तशीच ठेवून
आम्ही चहा प्यायलो, तोही तिच्याच घरचा.
पुढच्या रविवारी तिच्या उंबऱ्यावर कळशी होती,
आठवड्याच्या तांदूळधुण्याची, आंबूस.
"हे घ्या. चांगलं मागायचं नाय."

मग तारेचं निघालं.
हत्तुरेंची मुलगी, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाची,
तिनं नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार खापऱ्या.
वस्तीभोवती दुहेरी रेघ, मध्ये फुल्या.
मूळ होतं तसं करायचं, तर हीही आली.
किसन टाकरी उठून उभा राहिला.
"माझा आजा हिच्या आत जन्मला.
माझ्या हातानं मी तार ओढू?"
यन्नम म्हणाले, आणि नाही ओढली तर?
लोक येतील, फोटो काढतील,
म्हणतील काय नीटनेटकी वसाहत,
कुणी बांधली हो इतकी छान?
बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
किसननं विडी पेटवली, ओढली मात्र नाही.

दुरपताबाई काठी टेकत निघाल्या,
आम्ही मागोमाग, सहाव्या ओळीच्या पाठीला,
बाभळीजवळ. काठी मातीत रुतवली.
"हितं भोक हुतं.
हितनं मी गड्ड्याच्या जत्रेला गेलते.
पाळण्यात बसले. लई वर गेला पाळणा.
म्हटलं, आपलं घर दिसतंय का बघू.
समदं अंधारं.
हजेरीच्या आत परत."

कागदावर भोक नव्हतं.
मुलीनं पेन्सिल काढली, विचारलं, माप किती?
पंच्याऐंशीच्या दुरपताबाईंनी
आधी स्वतःकडे पाहिलं, मग पोरीकडे.
"तवा मी बारीक हुते. लिव्ह, दीड वीत."
तिनं लिहिलं. पुढे कंसात काही लिहू लागली,
थांबली, खोडलं.

तार आम्ही लावली नाही. ते ठरलं असंही नाही,
त्यानंतर कुणी तो विषय काढलाच नाही.
खांब सापडले सात, मातीत अर्धे गाडलेले, गंजून पापुद्रे सुटलेले,
तेवढे सरळ उभे केले.
दोघांमध्ये शकुंतलेनं दोरी बांधली
आणि पहिल्याच दिवशी चादरी वाळत टाकल्या.
हत्तुरेंची मुलगी म्हणाली, हे नकाशात दाखवायचं का?
मी म्हटलं, राहू दे, रोज बदलतं.

सहाव्या ओळीचा गिलावा
पुन्हा फुगलाय, बोट लावलं की भुरभुर गळतो.
यन्नम म्हणतात गूळ जास्त झाला.
मुंग्या लागल्यात.
पुढच्या रविवारी पुन्हा खरवडायचं,
सहाला,
आणि येताना कुणीतरी पाणी आणा.