उभा पाय

आमच्याकडे बायका बसून वल्हवतात,
मांडी घालून, दोन्ही हातांनी.
उभ्यानं, पायानं वल्हवायचं ते बाप्यांनी.
इन्ले तळ्यावर हे कुणी लिहून ठेवलेलं नाही,
पण सगळ्यांना पाठ आहे.

बाबांच्या घोट्यावर सागवानाचा ओंडका आला
(पावणेदोन वर्षं झाली)
तेव्हा कळलं, होडी घोट्यापासून सुरू होते.
घोटा वळेना, म्हणून गुडघा वळायला गेला;
गुडघ्याचं ते काम नव्हे.
मग कंबर मध्ये पडली,
आणि एका सकाळी जाळ्याच्या टोपलीसकट
ऊ ङ्वे थाऊन पाण्यात.
टोमॅटोच्या तरंगत्या वाफ्यांतून शेजारी हसले,
मग हसू गिळून त्यांनी होडी धरली.

आता ते पुढे बसतात, माझ्याकडे तोंड करून.
मी मागच्या टोकावर, डाव्या पायावर,
उजव्याचा वेढा वल्ह्याला.
घट्ट धर, मी पायाला बजावते,
आणि सगळं अंगच घट्ट होतं. मान, जबडा, पापण्यासुद्धा.
खांब झालेलं माणूस होडीला सोसत नाही.

"थिरी, उभ्या पायाला काही सांगू नकोस.
त्याला पाणी सांगेल."
इतकंच. मग चिरूट पेटवायचं
आणि डोंगराकडे बघायचं.

शेजारीण म्हणाली, पडेल अंगवळणी.
पण अंगात आधी वळणं नकोत का?
महिनाभर पडत राहिले.
नाकात गाळ, वेणीत जलपर्णी.

कधी जमलं ते सांगता येणार नाही.
धुकं होतं. बगळा होता की नव्हता.
डाव्या तळव्यात, करंगळीच्या मुळाशी
काहीतरी सारखं हलत होतं,
इतकं बारीक की त्यालाच लोक स्थिर म्हणत असावेत.
त्याच्या भरवशावर उजवा खुबा
तेल घातलेल्या दारासारखा
उघडला, मिटला, उघडला.

आणि हात रिकामे!
त्यांना काय करावं सुचेना.
एकानं केस मागे सारले,
दुसरा जाळ्याकडे गेला, उशिरा, लाजत.

बाबा काही बोलले नाहीत.
चिरूट विझलेलं, तोंडात तसंच.
फळीवर टेकलेला त्यांचा गोठलेला घोटा
माझ्या प्रत्येक फेऱ्याबरोबर
एवढासा
वळू बघत होता.