फँग

पोर्टसॉयच्या धक्क्यामागे, स्लेटरांच्या अंगणात
एक हातपंप होता, बिडाचा, हिरव्या रंगाचे पोपडे धरलेला.
एका जानेवारीत तो नुसताच खोकू लागला.
बापाने दांडा चारदा हापसला, बाजूला थुंकला, म्हणाला,
"हिचा फँग गेला."
(तिकडे पंपाला बाईच म्हणतात, बोटीलाही.)

एफी सात वर्षांची. तिला फँग एकच ठाऊक :
शेजारच्या टेरियरचा, ओठाबाहेर डोकावणारा,
तिच्या पोटरीवर दोन टाके ठेवून गेलेला.
तिने तोटीत हात घातला, जाईल तितका आत,
पडलेला दात शोधायला.
हाताला लागला गंज, एक गोगलगाय,
आणि पलीकडचा थंडगार पोकळ श्वास.

बाप हसला नाही. किटलीतलं उरलंसुरलं पाणी
त्याने वरून ओतलं.
"आधी पाजावं लागतं," म्हणाला, "मग ती धरते."
आणि खरंच, खालून काहीतरी चढत आलं.
दांडा जड झाला,
गळाला मासा लागला की दोर होतो तसा.

*

चाळीस वर्षांनी ॲबर्डीनमध्ये, शब्दकोशाच्या कचेरीत
हीटरला तळपाय टेकवून
एफी स्लेटर चिठ्ठ्या लावते.
एका खोक्यात तिला तो शब्द भेटतो
आणि त्याला दातच नाहीत.

सगळ्यांत जुन्या चिठ्ठ्यांत नुसतं धरणं आहे.
जाळ्यात आलेलं. लुटीत आलेलं.
कुठल्याशा निवाड्यात एक मेंढीचोर
'फँगसकट' सापडतो,
म्हणजे सुळ्यासकट नव्हे, मुद्देमालासकट,
मेंढी अजून खांद्यावर, जिवंत, ओरडत असलेली.
समुद्रापलीकडचे जर्मन कोळी
जाळ्यातल्या मासळीला आजही फांग म्हणतात
आणि तिचं वजन करतात.
दात फार उशिरा आला.
कुणीतरी एखाद्या कुत्र्याच्या जबड्यात पाहिलं असेल
आणि कामाचं नाव अवजाराला दिलं असेल,
आपण नाही का पकडीला पकड म्हणत.

मी हे मराठीत लिहितो आहे, आणि माझी जीभ
आपसूक माझ्या सुळ्यापाशी जाते.
आमचा सुळा शूलातला. सुळक्याचा भाऊबंद, सुळाचा पुतण्या.
आम्ही टोक पाहिलं. त्यांनी पकड.
तरी दात धरायची वेळ येते तेव्हा
आम्हीही धरतोच की, वर्षानुवर्षं.

*

एफीने बापावर अकरा वर्षं धरला होता.
बोट त्याने पुतण्याच्या नावे केली, मॅग्नसच्या,
ज्याला भरतीची वेळसुद्धा घड्याळात बघावी लागते.
तिने विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.
नाताळची कार्डं तेवढी जात-येत राहिली,
एकाच दुकानातली.

बँफच्या रुग्णालयात त्याची कवळी
पेल्यात हसत बसलेली.
तोंड म्हणजे नुसता चुरगळलेला खिसा.
परिचारिकेने एफीच्या हातात काडीवरचा ओला स्पंज दिला,
"ओठ भिजवा. गिळता येत नाही त्यांना."
तिने भिजवले. एकदा. पुन्हा.
बोलायला काही सुचेना म्हणून तिसऱ्यांदा.

मग त्याच्या हाताने तिचं बोट धरलं.
बघून नाही, ओळखूनही नसेल कदाचित.
तान्हं मूल धरतं तसं, किंवा खेकडा :
सुटत नाही असं.
परिचारिका जेवणाचा ट्रे घेऊन आली, परत गेली.
बोटीबद्दल कुणीच बोललं नाही.

*

पंपाच्या अर्थाला कोशात दाखला नव्हता.
एफीने कोरी चिठ्ठी घेतली, डाव्या हाताने धरली,
त्या बोटाला अजून वळ होता,
किंवा तिला तसं वाटलं.
वाक्य लिहिलं. खाली : स्लेटर, पोर्टसॉय, तोंडी.
साल काही आठवेना.
जानेवारी, तिने लिहिलं,
आणि पुढे प्रश्नचिन्ह.