केसाएवढा

दसरा चौकाच्या सिग्नलला
बेनाडीकर मावशींच्या हातातला गिअर मेला.
दांडा नुसता डुलायला लागला
वरणात पळी फिरावी तसा,
खाली कशाशी काही नातंच नाही.

"मी मोडला काय ओ, सर?"
साठीतली बाई, एल बोर्डाची गाडी,
मागं केएमटी हॉर्नवर झोपलेली.

म्हटलं, नाही ओ.
दूध टेम्पोवर लागलेला कुंभाराचा पोरगा,
लग्नाआधी शिकून घेतो म्हणणारी कागलची डॉक्टरीण,
पेढे देऊन परत कधी न दिसलेले कितीतरी,
अकरा वर्षं सगळ्यांनी थोडा थोडा मोडला.
तुमच्या वाट्याला फक्त आवाज आला.

गाडी दुसऱ्यात अडकलेली. तशीच रेटली,
क्लच माझ्या पायाखालचा, स्टिअरिंग त्यांचं,
उद्यमनगरापर्यंत.

शोरूमला फोन केला. नुसता बुश मिळत नाही,
अख्खी असेंब्ली घ्या, सहा हजार आठशे.
इलाही शिकलगारनं रेक्झिन वर सारलं,
बोट घालून काढला तो :
अंगठीएवढा, पिवळा,
एका अंगाला नखासारखा पातळ.
हसलासुद्धा नाही.
लेथला नायलॉनचा गज लावला.
पायाशी पांढऱ्या शेवया साचत गेल्या.
व्हर्निअर. परत लेथ. परत व्हर्निअर.

"ढिला किती ठिवू?"

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.
"थोडा."
"थोडा म्हंजे? नखाएवढा का केसाएवढा?"

मावशीच म्हणाल्या, केसाएवढा.

ग्रीस, सर्क्लिप, टक्क.
ऐंशी रुपये, आणि चहा त्याचाच.

टाकाळ्याच्या रस्त्याला मीच हात घातला,
तिसरा दाखवतो म्हणून.
हात गेला जुन्या वाटेनं,
अकरा वर्षांची ढिलाई गृहीत धरून
बोटभर जास्त,
आणि पडला पाचवा.
गाडी खोकली, थरथरली, बंद.

मावशींनी चावी फिरवली.
पहिला. दुसरा.
मग तळव्यानं नुसतं पुढं लोटलं,
आणि तिसरा होता तिथंच होता.

माझा हात अजून दांड्याशेजारी,
पडेल ते झेलायला ठेवल्यागत.

"सर," रस्त्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या,
"घ्या की आता तो मागं."