पातळ

माझं पातळ आधी डाव्या गुडघ्यावर पातळ होतं.
काठ शाबूत, पदर शाबूत,
तिथे मात्र तळहाताएवढी जाळी.
हात दाबल्याशिवाय माझं पाऊल उचलत नाही.
ताप आला तेव्हा मी दोन वर्षांची,
त्यामुळे दुसरं चालणं मला आठवत नाही
आणि त्याचं दुःख लोकांना वाटतं तेवढं नाही.

तन्मयी विडी घरकुलात आली ती मे महिन्यात,
पत्रे तापून तडतडत होते.
दहा दिवस माझ्या मागे मागे,
नळापर्यंत, कारखान्यापर्यंत.
पोरगी कष्टाळू, खोटं कशाला बोलू.
रात्री कंबर धरून बसायची,
मी एरंडेल चोळून दिलं.
शेंगाची चटणी नाक पुसत पुसत खाल्ली.
मला मावशी नाही, बालामणी म्हणाली,
ते आवडलं.
वहीत लिहायची : खांदा किती झुकतो,
चप्पल कुठल्या कडेनं झिजते.
माझी चप्पल इतकी कुणी वाचली नव्हती.

एकदा दिग्दर्शकाला विचारलं,
सूप मांडीवर, हात चालूच :
मीच केलं तर?
तेलुगूत मोजते, कन्नडमध्ये भाजी घेते,
मराठीत भांडते. संवाद पाठ होतील.
तो हसला. वाईट नाही हसला.
म्हणाला, तुम्ही केलंत तर त्यात अभिनय कुठला?

हजारातली एखादी विडी चेकर बाजूला टाकतो.
सैल नसते, पान फाटलेलं नसतं,
तरी छाट. विचारायचं नसतं.
मी पुढचं पान कात्रीत धरलं.

अभिनय.
पाहुणे मला बघायला यायचे तेव्हा
अम्मा तासभर आधीच खाटेवर बसवायची,
पाय पातळात झाकून.
पोहे धाकटी आणायची.
मी हसत बसायचे, जणू आत्ताच
चुलीपासून धावत आलेय.
दोनदा निभावलं.
तिसऱ्यांदा एक म्हातारी म्हणाली,
पोरी, तांब्याभर पाणी दे की.

त्यानंतर घरात जे झालं
ते तन्मयीनं विचारलं नाही.
मीही शिकवलं नाही.

पाच हजार मिळाले. घेतले.
धाकटीच्या पोराची फी भरली.

सिनेमा लागला तेव्हा गल्लीतल्या आम्ही नऊ जणी
दोन रिक्षांत.
थिएटरला सतरा पायऱ्या, कठडा नाही.
मी गुडघ्यावर हात ठेवून चढले
आणि वर पोस्टरवर ती तशीच चढत होती.
आत अंधारात मी पहिल्यांदा मला पाठमोरी पाहिलं.
खांदा बरोबर. चप्पल बरोबर.
फक्त पातळ
सबंध सिनेमाभर डाव्या गुडघ्यावर कोरं.
शेजारी यल्लूबाई हुंदके देत होती,
मी त्या कापडाकडे बघत होते.

बक्षीस मिळालं ते कुणीतरी फोनवर दाखवलं.
उंच टाचा, सरळ पाठ,
भराभर पायऱ्या चढून ती स्टेजवर गेली
आणि तिथे, त्या पायऱ्यांवर,
टाळ्या सगळ्यात मोठ्या.
भाषणात माझं नाव घेतलं.
चुकीचं, पण घेतलं.

आता पोरं मला बघून ओरडतात,
ए, ही बघ, हिरोइनसारखी चालते!
रागवावं असं वाटत नाही, पोरंच ती.
पण काल कारखान्याकडे जाताना
मध्येच मी थबकले.
पुढचं पाऊल कसं टाकायचं असतं,
खांदा आधी की हात,
आणि कुणी बघतंय का.

मग हात ठेवला नेहमीच्या जागी.
कापड टर्रकन गेलं.
चेकर सहाला उठतो.
विड्यांची पिशवी फाटल्यावर धरली
आणि निघाले.