दोन 'आहे'

पहिल्या वर्षी वस्तूंना नुसती नावं ठेवली.
टेबल बाईमाणूस निघालं
तेव्हा वेन्डल क्राटोचव्हिल खुर्चीवरून पडायचाच बाकी होता.
'र' काही कुणाच्या जिभेवर लोळेना,
हॅलोरन बाईंच्यासुद्धा.

दुसऱ्या वर्षी कळलं, स्पॅनिशमध्ये 'आहे' दोन आहेत.
एक कायमचं, एक तात्पुरतं.
मी उंच आहे. मी दमलेली आहे.
पट्टीनं रेघ मारून वहीत दोन रकाने केले,
सगळं नेब्रास्का त्यात बसवलं.
कत्तलखान्याचा वास कुठल्या रकान्यात,
यावर अख्खा तास गेला.

तिसऱ्या वर्षी भूतकाळ.
तोही दुहेरी.

चौथ्या वर्षी वर्गात सातच उरलो.
निबंध होता: ओळखीचं माणूस.
संध्याकाळी जिमपाशी एलिसेओंना गाठलं,
ते फरशी पुसत होते.
मी घोकून आणलेले प्रश्न ओळीनं विचारले.
गाव कुठलं? मुलं किती?
बायको कशी आहे?

मॉप बादलीत उभा करून ते म्हणाले,
एस्ता मुएर्ता.
वारली आहे. दुसरं 'आहे'. तात्पुरतं.

आणि मला, देवा, आधी व्याकरणाची चूक दिसली.

"असंच म्हणतात, मुली," ते म्हणाले,
सावकाश, पहिल्या वर्षाच्या वेगानं.

चार वर्षांतलं काहीच धावून आलं नाही.
आलं ते पहिल्या पुस्तकातलं, चौथ्या पानावरचं:
लो सिएन्तो.

"उच्चार चांगला आहे," म्हणाले,
आणि बादली ढकलत निघाले.
कुठलं 'आहे' वापरलं,
ते ऐकायचं राहूनच गेलं.