परै तापवताना

भवानीचं पाणी उतरलं तेव्हा
घाटाखालच्या एका शाळेने नंजीआत्याला बोलावलं.
तुमचा नाच यंदा स्पर्धेत घेतलाय,
आमच्या मुलींना शिकवा.

मी परै घेऊन सोबत.
कंडक्टरने परैचं अर्धं तिकीट फाडलं.

मॅडमनी वही उघडली. किती मात्रा?
माहीत नाही, आत्या म्हणाली.
सुरुवात कुठल्या पायाने?
जो जमिनीवर नसेल त्याने.
आणि संपतो कधी?
आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली.
मारुदनमामा गेला तेव्हा
त्याला उचलेपर्यंत नाचलो होतो आम्ही,
कोगल फुंकणाऱ्याचा ओठ फुटला, तरी.
आत्याच्या लग्नात तर कुणी थांबवेचना,
शेवटी उभी नाचणी खायला हत्ती उतरले
तेव्हा पांगापांग.
'हत्ती आले की,' आत्या म्हणाली.
मॅडमनी लिहिलं : दहा मिनिटं.

स्पर्धेच्या दिवशी रंगवणारा
मुलींच्या गोऱ्या दंडांना तपकिरी फासत होता.
आत्या रांगेतून चालत गेली,
एकीच्या गालावरून अंगठा फिरवला,
अंगठा पाहिला,
पदराला पुसला.

परै दमटून ढिली पडलेली.
आग पेटवू नका म्हणाले, मंडप कापडाचा आहे.
मग त्या रंगवणाऱ्यानेच
केस वाळवायचं मशीन दिलं
आणि गाय वासराला चाटते तसं
मी ते चामड्यावरून फिरवत राहिलो.
बोलली परै. जरा नाकात, पण बोलली.

बारा मुली. बारा उजवे पाय एकदम,
पोलिसांच्या कवायतीत शोभावेत असे.
शेवटची तेवढी,
चष्मा काढायला लावलेला, धड दिसत नसणार तिला,
माझा हात खाली यायच्या आधीच वळली.
आधीच.
आमच्याकडे वळतात तशी,
शेजारचा खांदा सांगतो म्हणून.

परीक्षकांची पेन्सिल हलली.

दुसरा नंबर. हिच्यामुळे गेला पहिला, मॅडम म्हणाल्या.
पोरगी पाण्याच्या टाकीआड रडत होती.
आत्याने समजूत घातली नाही.
कनवटीची सुपारी काढली, दाताने फोडली,
अर्धी तिच्या हातावर ठेवली,
बरोबरीच्या बाईला देतात तशी.

परतीच्या गाडीत कंडक्टर दुसरा.
एवढ्या मोठ्या वस्तूला पूर्ण तिकीट, म्हणाला.
मी सुटे मोजत होतो.
आत्याचा डोळा लागलेला, तोंड उघडं,
अंगठ्याच्या नखात तपकिरी रंग राहिलेला.
प्रत्येक वळणाला ती कलायची,
गाडीच्या जरा आधी.